श्रीलंकेला जाताय? पावसाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, हे गणित आपल्या अंगात इतके मुरलेले आहे की परदेशी जातानाही आपण तेच सोबत नेतो. मुलांना सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि हे दोन्ही काळ आपल्या लेखी कोरडे; म्हणून अनेक मराठी कुटुंबे श्रीलंकेची तिकिटे नेमकी याच दिवसांची काढतात. सर्वांत मोठी चूक इथेच होते. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पावसाळा मे महिन्यातच सुरू होतो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास, जवळजवळ संपूर्ण बेटावर दुपारनंतर विजांसह जोरदार सरी येतात आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे त्यात भर घालतात. पुढे डिसेंबर ते फेब्रुवारी हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ, आणि तो पाऊस मुख्यतः पूर्वेकडच्या भागात पडतो.

दुसरी चूक म्हणजे एवढ्याशा देशात सगळीकडे हवा सारखीच असेल असे धरून चालणे. महाबळेश्वरला धुवाधार पाऊस चालू असताना घाट उतरून वाईला आले की छत्री मिटावी लागते, हे आपण पाहिलेले असते; श्रीलंकेच्या मधोमध उभा असलेला डोंगर तेच काम वर्षातून दोनदा करतो, एकदा पश्चिमेकडचे ढग अडवून आणि एकदा पूर्वेकडचे. म्हणूनच या बेटावर काही ठिकाणी वर्षाला हजार मिलिमीटरपेक्षा कमी, तर काही पश्चिम उतारांवर पाच हजारांहून अधिक पाऊस पडतो. तारखा बदलता येत नसतील तर दिशा बदलावी. मेअखेर ते ऑगस्ट या काळात त्रिंकोमाली आणि अरुगम बे हे पूर्व किनारे गाठावेत, आणि मिरिसा, गाले हा दक्षिण किनारा डिसेंबर ते मार्चसाठी राखून ठेवावा. देवमासेही साधारण हाच क्रम पाळतात: मिरिसाला ते नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये दिसतात, त्रिंकोमालीला मे ते ऑगस्टमध्ये.

दिवाळीत जाणाऱ्यांना मात्र अशी सोपी पळवाट नाही. त्या दिवसांत घाटरस्त्याचा प्रवास सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत संपवावा आणि डोंगरातील मुक्कामानंतर लगेच दुसऱ्या दिवशी परतीचे विमान ठेवू नये, एक दिवस मोकळा सोडावा. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. बदुल्ला जिल्ह्यातील मीरियाबेद्दा या चहामळ्याच्या वस्तीवर डोंगर कोसळला तो 29 ऑक्टोबर 2014 रोजी. भूस्खलनाचे इशारे तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था पिवळा, अंबर आणि लाल अशा तीन पातळ्यांवर देते. अंबर इशारा असलेल्या भागात चालक कितीही धीर देत असला तरी निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशावरचे किलोमीटर पाहून वेळ ठरवणे ही आणखी एक चूक. कँडी ते एला हे अंतर किरकोळ दिसते, पण रेल्वेने त्याला सहा-सात तास लागतात.

उष्ण कटिबंधातला देश म्हणून फक्त सुती कपडे भरले जातात, तेही चुकीचे. नुवारा एलिया सुमारे 1,870 मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहून पाचशे मीटर वर आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या पहाटे हॉर्टन प्लेन्सच्या गवतावर हिमकण साचलेले दिसू शकतात. त्याच पठारावर आम्ही एका जानेवारीत निवांत नाश्ता करून निघालो आणि वर्ल्ड्स एंडच्या कड्याशी साडेदहाला पोहोचलो. पायापुढे हातभर अंतरावर पांढरे धुके सुरू होत होते, बाकी काही नाही. परतणाऱ्या दोघांनी सांगितले की सातच्या सुमारास दरी तळापर्यंत स्वच्छ होती. ऊन वाढले की दरीतील दमट हवा वर चढते आणि कड्यावर तिचे ढग होतात, त्यामुळे कोरड्या हंगामातही नुवारा एलियाहून पहाटे पाचलाच निघायला हवे. पावसाळी पायवाटांवर जळवा असतात; पायमोजे पँटवरून ओढून घ्यावेत आणि थोडे मीठ जवळ ठेवावे.

शेवटी श्रीपाद शिखराविषयी. मध्यरात्री चढायला सुरुवात करून वरून सूर्योदय पाहायचा, हा बेत डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधील वेसाक पौर्णिमेपर्यंतच्या यात्राकाळातच जमतो. त्याबाहेर हजारो पायऱ्यांच्या वाटेवरचे दिवे बंद असतात, चहाची दुकाने उठलेली असतात आणि वर वारा-पावसाचे राज्य असते. अशा दिवसांत जायचेच असेल तर पाऊस नसल्याची खात्री करून, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन दिवसाउजेडी चढावे आणि दुपारचे ढग जमण्याआधी खाली यावे.