शास्त्रीय नाव कसं वाचायचं, तपासायचं आणि लिहायचं

लोकजैवविविधता नोंदवही भरताना किंवा झाडावर पाटी लावताना शास्त्रीय नाव बहुधा अर्धंच उतरवलं जातं. पुढचा कंस, संक्षेप आणि वर्ष ही भरती समजून गाळली जाते. पण जुनी पुस्तकं आणि आजच्या याद्या यांचा मेळ घालायला नेमकं तेच लागतं. महाराष्ट्राची मानचिन्हं घेऊन पाहू.

नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, म्हणजे जीनसचा. दोन्ही मिळून जात, म्हणजे स्पीशीज. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर कॅपिटल, दुसरा शब्द सगळा स्मॉल, आणि दोन्ही तिरप्या टाइपात. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढा. नुसता दुसरा शब्द कधीच लिहू नका: आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका आणि शेकरूही रॅटुफा इंडिका!

यापुढे येतं ते नाव देणाऱ्याचं नाव, सरळ टाइपात. आंब्यापुढे फक्त ‘एल.’ असतं, म्हणजे दोन शब्दी नावांची ही पद्धत रूढ करणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस. त्याने १७५३ साली दिलेलं नाव तसंच टिकलं. ताम्हण मात्र लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा (एल.) पर्स. लिनियसने ते दुसऱ्या प्रजातीत ठेवलं होतं, पर्सूनने इथे आणलं. मूळ लेखक कंसात, हलवणारा कंसाबाहेर.

प्राण्यांमध्ये हलवणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत; मूळ लेखक, स्वल्पविराम आणि वर्ष एवढंच. ब्लू मॉरमॉन फुलपाखरू पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर क्रॅमर, १७७५. कंस नाही, कारण ते पहिल्यापासून पॅपिलिओतच आहे. शेकरूपुढे (अर्क्सलेबेन, १७७७) असा कंस येतो. मूळ नाव होतं स्क्युरस इंडिकस. प्रजाती बदलली तशी दुसऱ्या शब्दाची, म्हणजे विशेषणाची, शेपटीही बदलली, कारण लॅटिन विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालतं. हरियालाचं नाव जुन्या पुस्तकांत ट्रेरॉन फीनिकॉप्टेरा, आता फीनिकॉप्टेरस दिसतं ते याचमुळे. म्हणून शोध लागला नाही तर शेवटची अक्षरं बदलून पाहा. ही वेगळी जात समजून दोन नोंदी करू नका.

मग नाव आज मान्य आहे का ते पाहायचं. वनस्पतींसाठी क्यू उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’, प्राण्यांसाठी ‘कॅटलॉग ऑफ लाइफ’ उघडा. सगळ्यात जास्त घोळ बाभळीचा होतो. अनेक जुन्या लेबलांवर ती अकेशिया निलोटिका आहे. प्रत्येक प्रजातीचं नाव एका नमुना जातीला बांधलेलं असतं; प्रजाती फोडली तर नाव त्या जातीच्या गटाकडे राहतं. अकेशिया हे नाव ज्या जातीला बांधलेलं होतं ती खुद्द बाभूळच होती. २००५ साली व्हिएन्नात भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र काँग्रेसने ते नाव एका ऑस्ट्रेलियन जातीला बांधलं. पुढे प्रजातीचे तुकडे मान्य झाले तेव्हा बाभूळ व्हॅचेलियात गेली आणि खैर सेनेगॅलियात. झाड तेच, काटे तेच, फक्त पत्ता बदलला. जुनं नाव चुकीचं होतं असा शेरा मारून खोडू नका. ते समनाम, म्हणजे त्याच जातीचं दुसरं नाव (सिनोनिम), म्हणून ठेवा, नाहीतर आधीच्या नोंदी हाती लागणार नाहीत.

जात ठरत नसेल तर प्रजातीपुढे सरळ टाइपात ‘एसपी.’ लिहून थांबा. अंदाजाने घातलेला दुसरा शब्द पुढची माणसं खरा धरतात. नोंदीत चार गोष्टी हव्यात: मान्य नाव लेखकासह, समनाम, स्थानिक नाव, आणि कुठल्या यादीत कोणत्या तारखेला तपासलं ते.