गेमचा कम्युनिटी मॅनेजर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

नागपुरात राहून एखाद्या गेम स्टुडिओसाठी कम्युनिटी मॅनेजर म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांनी हे काम म्हणजे जाहिरात नव्हे, एवढे आधी पक्के लक्षात घ्यावे. खेळाडूंचे म्हणणे विकसकांपर्यंत नेमके पोहोचवणे आणि विकसकांचा निर्णय, तो नकोसा असला तरी, खेळाडूंना स्पष्ट सांगणे हा या कामाचा गाभा आहे.

तक्रार ऐकण्याचे कौशल्य सर्वांत महत्त्वाचे. धरमपेठेतला एखादा खेळाडू डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ‘दुपारी गेम लॅग होतो’ (म्हणजे अडखळत चालतो) एवढेच लिहितो. त्याला ‘टीमला कळवले आहे’ असे उत्तर देऊन थांबू नये. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, वाय-फाय की मोबाइल डेटा, पिंगचा (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा आणि नेमकी वेळ विचारावी. पिंग वाढत असेल तर दोष बहुधा नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा असतो. पिंग स्थिर असूनही चित्र अडखळत असेल, तर फोन तापून प्रोसेसरचा वेग घटल्याची शक्यता तपासावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा ही शक्यता मुळीच गौण नसते. अशी माहिती जोडलेली तक्रार विकसकाला थेट उपयोगी पडते.

आठवड्याचा अहवाल लिहिताना एखाद्या विषयावर किती जण बोलत आहेत आणि प्रत्यक्ष किती जणांचा खेळ बंद पडला आहे, या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात, कारण सर्वांत मोठा आवाज नेहमीच सर्वांत मोठ्या अडचणीचा नसतो.

संताप उसळतो तेव्हा गुळगुळीत भाषा घात करते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मधील लोकप्रिय पात्रे मिळवायला फार खेळावे लागते, या तक्रारीला गेमची प्रकाशक कंपनी ईएने रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर अभिमान आणि यशाच्या भावनेचा दाखला देत उत्तर दिले आणि त्यावर साडेसहा लाखांहून अधिक डाउनव्होट (नापसंतीची मते) पडले. अखेर पात्रांची गेममधील चलनातली किंमत ७५ टक्क्यांनी घटवावी लागली. म्हणून अशा वेळी तक्रार कोणती ते साध्या शब्दांत मान्य करावे, निर्णय कोणाकडे आहे ते सांगावे आणि टीमने न ठरवलेली तारीख स्वतःहून कधीही देऊ नये.

शिवीगाळीचे नियम आधी जाहीर करून ओळखीच्यांनाही तेच लावावेत. नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी आवडत्या गेमच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर मॉडरेटर (चर्चेवर देखरेख ठेवणारा) म्हणून काम करावे आणि पॅच (गेममधील दुरुस्तीचे अपडेट) आल्यानंतरच्या प्रतिक्रियांचा एक पानी अहवाल स्वतः लिहून, त्यातील खेळाडूंची नावे काढून, अर्जासोबत जोडावा.