स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या इंजिनात होणाऱ्या चुका

एक सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन अडखळायला लागलं की पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूवर. काय बिघडलंय हे कळायच्या आधीच स्क्रू दोन फेरे इकडे, तीन तिकडे. मग मूळ दोष एक असतो आणि वर हा दुसरा.

आधी चोक वापरा. इंजिन गरम झालं की थ्रॉटल अर्ध्यावर ठेवा आणि चोकची झडप, म्हणजे कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा अडवणारी पट्टी, हळूहळू मिटत न्या. इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय: जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) चोंदलाय किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय. काळा धूर सोडून आणखी गुदमरलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे. एअर फिल्टर आणि फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) पाहा. कसंही केलं तरी मिस मारतच राहिलं तर दोष बहुधा इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात. एक मिनिटाचं काम आहे, पण तेवढा धीर फार थोड्यांना असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गव्हर्नरशी, म्हणजे इंजिनचा स्पीड आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेशी, खेळणं. लोड नसताना इंजिनचा आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो. लिंकेज (गव्हर्नर आणि थ्रॉटल जोडणारी दांडी) हलताना दिसतं म्हणून दोष गव्हर्नरवर येतो. प्रत्यक्षात मिश्रणात पेट्रोल कमी असल्यामुळे स्पीड पडतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, स्पीड गरजेपेक्षा वर जातो, की तो थ्रॉटल पुन्हा मिटतो. बिचारा आपलं काम करत असतो. पुढचा प्रकार ठरलेला: गव्हर्नरची स्प्रिंग ताणली जाते किंवा पुढच्या भोकात अडकवली जाते, आवाज स्थिर होतो, मालक खूश. फक्त आता इंजिन ३६०० आरपीएमच्या मर्यादेपलीकडे पळतंय. ते कधीतरी कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तोडतं आणि तुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. उघडून पाहावं तर कार्बोरेटरमागचं पॅकिंग फाटलेलं, म्हणजे मूळ दोष तिथून आत येणारी जास्तीची हवा.

ते पॅकिंग तपासायला गरम इंजिनवर पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आग लागते. सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच.

जेटमध्ये ड्रिल बिट किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट भंगारात. मऊ तांब्याच्या वायरचा एक धागा, क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो आत फिरवला की किती फेऱ्यांत अलगद टेकतो ते मोजून लिहून ठेवा. करकचून आवळला तर टोकाला खाच पडते आणि मग कुठलंच सेटिंग टिकत नाही. आकडा हरवला असेल तर टेकवून दीड फेरा उघडा आणि बाकीचं इंजिन गरम झाल्यावर जुळवा.

पॉइंटवाल्या इंजिनांत (पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क) पॉइंट एमरी पेपरने घासणं ही अशीच एक खोड. एमरीचे कण पृष्ठभागात रुततात. पॉइंटची बारीक कानस वापरा, मग दोन्हींमध्ये स्वच्छ कोरा कागद ओढून घ्या. नवीन पॉइंटवरही गंज टाळण्यासाठी तेलाचा पातळ थर असतो. तो न पुसता बसवून ‘नवीन पार्टच खराब’ म्हणणारे बरेच. बऱ्याच इंजिनांत पॉइंट पूर्ण उघडल्यावर गॅप ०.५ मिलिमीटर लागतो, तरी मॅन्युअलचा आकडा अंतिम. थोड्याच दिवसांत पॉइंटला खड्डे पडले तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला.

जुनं, आंबूस वासाचं पेट्रोल टाकीत ठेवून ट्यूनिंग करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

वीसेक मिनिटं चालून बंद पडतंय? टाकीचं झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन परत नीट चाललं, तर झाकणाचं भोक चोंदलंय. रबरी नळीही तपासा. ती बाहेरून धडधाकट आणि आतून सोललेली असू शकते.

कम्प्रेशन गेजवर (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) आकडा कमी दिसला म्हणून लगेच पिस्टनच्या रिंगा मागवू नका. अनेक इंजिनांत स्टार्टिंग हलकं व्हावं म्हणून सुरुवातीला दाब थोडा सोडून देणारा कम्प्रेशन रिलीज असतो, त्यामुळे तो आकडा फसवा. लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते पाहा; हवा सायलेन्सरमधून येते, कार्बोरेटरमधून की ऑइलच्या भोकातून, यावरून व्हॉल्व्ह की रिंग ते कळतं.

आणि इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर फ्लोटची नीडल गळतेय आणि पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलमध्ये, उतरलंय. तेव्हा आधी नीडल, मग ताजं ऑइल, आणि त्यानंतरच स्टार्टर.