धावपळीच्या दिवसांतलं चिकन: अर्ध्या तासात रात्रीचं जेवण

आठ वाजता गॅस पेटवून साडेआठला पानं वाढणं सहज जमतं, फक्त निम्मं काम आदल्या रात्री उरकलेलं हवं. चिकन शिजायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते बर्फ सुटण्याची वाट बघणं, कापणं आणि मसाला मुरणं.

घाईच्या दिवसासाठी मांडीचं बोनलेस मांस घ्या. ब्रेस्ट दोन-चार मिनिटं जास्त शिजलं तरी कोरडं पडतं. मांडीत चरबी आणि संयोजी ऊती जास्त असल्याने ती थोडी जास्त शिजली तरी मऊच राहते. एकीकडे मुलांचा अभ्यास, एकीकडे फोन असं चाललेलं असताना अशी चूक पोटात घालणारा भागच बरा. ब्रेस्टच घ्यायचं असेल तर आडवं चिरून दीड सेंटिमीटर जाडीचे काप करा.

चिकन नळाखाली धुऊ नका. वर्षानुवर्षांची सवय मोडणं जड जातं, पण धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. ते मरतात शिजवल्यानेच. कागदी रुमालाने टिपून घेतलं की पुरे. हात, सुरी आणि पाट मात्र लगेच साबणाने धुवा.

आदल्या रात्री, चार जणांसाठी: ६०० ग्रॅम चिकनचे ३ ते ४ सेंटिमीटरचे सारखे तुकडे, सपाट १ चमचा (साधारण ६ ग्रॅम) मीठ, ३ मोठे चमचे घट्ट दही, १ मोठा चमचा आलं-लसूण वाटण, १ चमचा तिखट, पाव चमचा हळद, १ मोठा चमचा तेल. सगळं चोळून झाकणाच्या डब्यात भरा आणि फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे रस गळला तरी दुसऱ्या अन्नावर पडणार नाही. मीठ रात्रभरात आतपर्यंत पोचतं, म्हणून तुकडा नुसता वरून खारट लागत नाही. दह्याऐवजी लिंबू वापरणार असाल तर ते शिजवण्याआधी अर्धा तास लावा. रात्रभर लिंबात राहिलेल्या चिकनचा वरचा थर पिठूळ होतो.

आता तवा. जाड बुडाचा पसरट तवा मध्यम-मोठ्या आचेवर ३ मिनिटं तापू द्या. तुकड्यांवरचं जास्तीचं दही बोटाने निपटून काढा, नाहीतर चिकन शिजण्याआधी तेच करपतं. १ मोठा चमचा तेल घालून निम्मेच तुकडे सोडा, प्रत्येकाभोवती बोटभर जागा ठेवून. चरचर आवाज यायला हवा. आवाज बसला आणि कडेने पाणी दिसू लागलं तर तव्यात गर्दी झाली आहे किंवा तवा पुरेसा तापला नव्हता. मग चिकन भाजलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि फिकट, वातड होतं. ३ मिनिटं हलवू नका. खरपूस झालेला तुकडा आपोआप सुटून येतो. चिकटत असेल तर अजून अर्धा मिनिट थांबा. उलटून ३-४ मिनिटं भाजा. शिजलं का याची खात्रीची खूण म्हणजे थर्मामीटरवर मधोमध ७४ अंश सेल्सिअस. तो नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा: आत गुलाबी, काचेसारखी झाक राहता कामा नये.

भाताबरोबर एकाच भांड्यात करायचं असेल तर दीड कप तांदूळ २० मिनिटं भिजवून निथळा. तोवर २ उभे चिरलेले कांदे तेलात लालसर परता, मुरवलेलं चिकन घालून ६-७ मिनिटं परता, मग तांदूळ, अर्धा चमचा मीठ आणि २ कप गरम पाणी. चिकनला स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने पाणी ओतलंत तर भात गिचका होतो. उकळी आली की झाकण लावून अगदी मंद आचेवर १५ मिनिटं, गॅस बंद करून आणखी १० मिनिटं. मधे झाकण उघडू नका.

ओव्हन असेल तर हाडासकट मांड्या, २ सेंटिमीटरच्या बटाट्याच्या फोडी, तेल, मीठ, मिरपूड एकाच थरात ट्रेमध्ये पसरा आणि २०० अंशावर ३५ ते ४० मिनिटं भाजा. वेळ थोडा जास्त लागतो, पण शेजारी उभं राहावं लागत नाही.

चिकन गोठलेलं आहे हे संध्याकाळीच लक्षात आलं तर ओट्यावर उघडं ठेवू नका. बाहेरचा भाग कोमट होतो, तिथे जंतू वाढतात, आणि आत बर्फ तसाच. घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलोचं पाकीट साधारण तासाभरात सुटतं. मग ते लगेच शिजवा. फ्रीझरमध्ये ठेवतानाच पिशवीत चपटं पसरलं असेल तर याहूनही लवकर.

उरलेलं चिकन दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये जाऊ दे. तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवा आणि चांगली वाफ येऊ द्या.