होलिरूड समजून घ्यायचं तर मंगळवारी सकाळी जा

होलिरूड म्हणजे एडिनबरातली स्कॉटलंडची संसद. या शहरात सार्वजनिक धोरण शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं, 'गुरुवारी दुपारी बाराला संसदेत जा, फर्स्ट मिनिस्टरना (म्हणजे इथल्या सरकारप्रमुखांना) कसे प्रश्न विचारतात ते बघ.' एकदा जरूर बघा. विरोधी नेते आवाज चढवतात, बाकं वाजतात, पाऊण तासात सगळं आटोपतं आणि संध्याकाळच्या बातम्यांत त्यातली दोन वाक्यं ऐकू येतात. सरकारला जाब विचारण्याचं खरं काम मात्र तिथे फारसं होत नाही. ते होतं मंगळवार ते गुरुवार, सकाळी, समित्यांच्या खोल्यांत. तिथे टाळ्या नसतात, प्रेक्षक जेमतेम असतात आणि एखादा अधिकारी 'हा आकडा कुठून आला?' या प्रश्नावर अडकून बसलेला असतो.

मी इथे एका वर्षाची मास्टर्स केली आणि नंतर एका स्वयंसेवी संस्थेत लागले. विधेयकं वाचायची, समितीला लेखी म्हणणं पाठवायचं, दुरुस्तीसाठी आमदारांच्या मागे लागायचं, हे माझं काम. नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून जे शिकले ते लिहिते आहे. क्रम माझ्या सोयीचा आहे, अभ्यासक्रमाचा नाही.

आधी आपल्या डोक्यातलं एक गणित उलटं करावं लागतं. आपल्याला राज्यघटनेतली सातवी अनुसूची पाठ असते: केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची, आणि जे कुठेच नाही ते केंद्राचं. स्कॉटलंडमध्ये यादी फक्त लंडनच्या अधिकारांची आहे. 1998 च्या स्कॉटलंड ॲक्टच्या पाचव्या अनुसूचीत संरक्षण, परराष्ट्र, इमिग्रेशन, चलन वगैरे राखीव विषय दिलेत. त्यात जे नाही ते आपोआप एडिनबराचं. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालयं, घरं, जमीन, नंतर काही कर आणि काही सामाजिक भत्तेही. ऐकायला आपल्या राज्यांपेक्षाही उदार वाटतं. पण आपल्या विधिमंडळाचे अधिकार घटनेतून येतात, तर इथले वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेने, केलेल्या एका कायद्यातून. त्याच कायद्याचं कलम 28, उपकलम 7 सांगतं की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा अधिकार अबाधित आहे. 'स्कॉटिश संसदेच्या संमतीशिवाय आम्ही सहसा तसं करणार नाही', एवढा संकेत आहे. या 'सहसा'वर इथे प्रबंध लिहिले जातात.

इतिहास थोडक्यात: सप्टेंबर 1997 मध्ये सार्वमत झालं, मे 1999 मध्ये पहिली निवडणूक, आणि 1 जुलै 1999 ला अधिकार प्रत्यक्ष हातात आले. आमदार, म्हणजे एमएसपी, 129. त्यातले 73 मतदारसंघांतून आणि 56 विभागवार पक्षयाद्यांमधून. मतदाराला दोन मतं. ही पद्धत आणताना कुणा एका पक्षाला सहजी बहुमत मिळू नये असाच विचार होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुख्य भाग. इथे एकच सभागृह आहे. विधान परिषद नाही, लॉर्ड्स नाहीत, घाईत झालेलं विधेयक थंड डोक्याने परत बघणारं वरचं घर नाही. म्हणून ती जबाबदारी समित्यांवर टाकली आहे. आपल्याकडे विधेयक संयुक्त समितीकडे गेलं की बातमी होते. इथे आणीबाणीची आणि अशी काही अपवादात्मक विधेयकं सोडली तर प्रत्येक विधेयक समितीतून जातं. शिवाय तीच समिती एरवी त्या खात्याच्या कारभाराची चौकशीही करते. आरोग्य समितीचे आमदार हॉस्पिटलांच्या प्रतीक्षायाद्यांवरही प्रश्न विचारतात आणि आरोग्याचं विधेयकही तपासतात. त्यामुळे मंत्री गोड बोलून निसटू बघतात तेव्हा मागच्या हिवाळ्यातलं त्यांचंच उत्तर काढून दाखवणारा एखादा सदस्य समोर बसलेला असतो.

विधेयकाचे तीन टप्पे. पहिल्यात समिती लोकांची मतं मागवते, साक्षी घेते, अहवाल लिहिते आणि मग सभागृह ठरवतं की मूळ कल्पना पटते की नाही. दुसऱ्यात समिती कलमवार दुरुस्त्या घेते. तिसऱ्यात पूर्ण सभागृहात उरलेल्या दुरुस्त्या आणि अंतिम मतदान. हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. माहितीपत्रकात नसतं ते हे की सरकारला खरी धास्ती पहिल्या टप्प्याची असते, कारण तोवर पक्षादेशाची पकड सैल असते आणि कल्पनेवरच प्रश्न विचारता येतात. दुसऱ्या टप्प्यावर लढाई 'शकेल' (मुभा) आणि 'करील' (सक्ती) या शब्दांवर येते. तीही महत्त्वाचीच, पण वेगळी.

नवं विधेयक हातात आलं की कलमं वाचायला बसू नका. सोबतचे कागद आधी उघडा. आपल्याकडे विधेयकाला उद्देश व कारणांचं निवेदन आणि वित्तीय ज्ञापन जोडतात, तसेच इथे पॉलिसी मेमोरँडम आणि फायनान्शियल मेमोरँडम असतात, फक्त पुष्कळ लांब. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते. पहिल्यात सरकारला काय वाटतं ते असतं. दुसऱ्यात त्यावर किती विचार केलाय ते दिसतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण नॅशनल केअर सर्व्हिसचं. वृद्ध आणि अपंग माणसांची देखभाल स्थानिक परिषदांकडून काढून राष्ट्रीय व्यवस्थेखाली आणायची, असं हे विधेयक जून 2022 मध्ये आलं. मेमोरँडममध्ये पाच वर्षांचा खर्च सुमारे 66 कोटी ते 126 कोटी पौंड असा दिला होता. खालचा आकडा वरच्याच्या जवळजवळ निम्मा! विधेयक हा नुसता सांगाडा होता. तपशील पुढे नियमांतून भरू, असं सरकारचं म्हणणं. अर्थसमितीने डिसेंबर 2022 मध्ये स्वच्छ लिहिलं की या आकड्यांवर आम्हाला काही ठरवता येत नाही, सुधारून आणा. परिषदा, कामगार संघटना, देखभाल करणारी कुटुंबं असे सगळे आपापल्या कारणांनी साक्षीला येत गेले. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्यातला राष्ट्रीय सेवेचा मुख्य भागच सोडून दिला आणि उरलेलं विधेयक नाव बदलून त्या उन्हाळ्यात मंजूर झालं. सभागृहात ते कधी पडलं नाही. समितीच्या खोल्यांत हळूहळू त्याची हवा गेली. (गंमत म्हणजे ज्या संसदेत खर्चाचे अंदाज इतके बारकाईने तपासले जातात, तिची स्वतःची इमारत 1 ते 4 कोटी पौंडांच्या सुरुवातीच्या अंदाजावरून 41 कोटींच्या वर गेली आणि 2004 मध्ये उघडली.)

समितीला मत पाठवायला संस्था लागत नाही, पदवीही लागत नाही. विद्यार्थी असाल तरी एकदा पाठवाच. पण तत्त्वचिंतन नको. 'हे विधेयक समाजाच्या हिताचं आहे' असं लिहिणारे शेकडो असतात. कलमाचा क्रमांक द्या, त्यामुळे कुणाचं काय अडेल ते सांगा, जमलं तर पर्यायी शब्दरचना सुचवा. समितीचे क्लार्क असं निवेदन बाजूला काढतात आणि कधीकधी साक्षीला बोलावणंही त्यातूनच येतं. आमच्या क्षेत्रात अनुभवी लोक एक युक्ती वापरतात: दुसऱ्या टप्प्यावर एखाद्या आमदाराकडून दुरुस्ती मांडून घ्यायची, ती मंजूर होईल या आशेने नव्हे तर मंत्र्यांना रेकॉर्डवर बोलतं करायला. मंत्री म्हणतात, 'सदस्यांची भावना समजते, तिसऱ्या टप्प्याआधी बोलू.' आमदार दुरुस्ती मागे घेतात. नवख्याला हा पराभव वाटतो. ते वाक्य संसदेच्या अधिकृत वृत्तांतात छापलं गेलं की त्याच्या आधारावर पुढचे तीन आठवडे खात्याला फोन करता येतात.

एखाद्या आमदाराला स्वतःचं विधेयकही आणता येतं, आपल्या अशासकीय विधेयकासारखं. फरक असा की इथली काही खरोखर कायदा होतात. प्रस्तावाला किमान 18 इतर आमदारांचा पाठिंबा लागतो आणि तो एकाच पक्षाचा चालत नाही. मासिक पाळीचं साहित्य सर्वांना मोफत उपलब्ध करून देणारा कायदा असाच मोनिका लेनन या विरोधी बाकांवरच्या आमदारांनी आणला. नोव्हेंबर 2020 मध्ये तो एकमताने मंजूर झाला. सुरुवातीला सरकार अनुकूल नव्हतं, हे विसरू नये.

आणि आता ते दोन मतांचं गणित. 2007 ते 2011 एसएनपीचं (स्कॉटिश नॅशनल पार्टीचं) सरकार होतं 47 आमदारांवर, म्हणजे ठार अल्पमत. जानेवारी 2009 मध्ये त्यांच्या अर्थसंकल्पावर मतदान झालं: 64 विरुद्ध 64. पीठासीन अधिकाऱ्यांनी परंपरेप्रमाणे निर्णायक मत विरोधात टाकलं आणि अर्थसंकल्प पडला. आठवडाभरात तडजोड होऊन तो प्रचंड बहुमताने पुन्हा मंजूर झाला. 2011 मध्ये त्याच पक्षाला 69 जागा मिळाल्या, म्हणजे जे व्हायचं नव्हतं तेच झालं. बहुतेक समित्यांमध्येही सत्ताधाऱ्यांचं बहुमत आलं. त्याच काळात फुटबॉल सामन्यांतल्या द्वेषपूर्ण वर्तनाविरुद्धचा कायदा बाकी सगळ्या पक्षांचा विरोध असताना रेटला गेला. 2016 ला बहुमत गेलं, आणि मार्च 2018 मध्ये विरोधी आमदाराच्या विधेयकाने 62 विरुद्ध 60 मतांनी तो रद्द झाला. समित्या त्याच होत्या, नियमही तेच होते. म्हणून 'होलिरूडची समितीपद्धती आदर्श आहे' असं कुणी व्याख्यानात म्हणालं तर विचारा, कोणत्या वर्षातली?

कागद मागण्याच्या बाबतीतही तेच. माजी फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांच्याविरुद्धच्या तक्रारी सरकारने कशा हाताळल्या याची चौकशी करणाऱ्या समितीला कायदेशीर सल्ल्याची कागदपत्रं हवी होती. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाने दोनदा ठराव केला, सरकारने दोन्ही वेळा दाद दिली नाही. तेव्हाचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठराव येतोय असं दिसल्यावर कागद बाहेर यायला लागले.

संसदेने कायदा केला तरी तो लगेच लागू होत नाही. चार आठवड्यांच्या मुदतीत सरकारचे कायदा अधिकारी विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतात. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्कॉटिश कायद्यात आणणारं विधेयक मार्च 2021 मध्ये एकमताने मंजूर झालं होतं. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी अधिकारकक्षेबाहेर ठरवल्या. सुधारून ते पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झालं. दुसरं कुंपण स्कॉटलंड ॲक्टच्या कलम 35 चं. लिंगओळख सुधारणा विधेयक डिसेंबर 2022 मध्ये 86 विरुद्ध 39 मतांनी मंजूर झालं, मध्यरात्र उलटून चाललेल्या चर्चेनंतर, आणि जानेवारीत लंडनच्या मंत्र्यांनी ते राजाच्या संमतीपर्यंत जाऊच दिलं नाही. 1999 पासून या कलमाचा तो पहिलाच वापर. राज्यपालांकडे अडकलेली विधेयकं बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचं फार आश्चर्य वाटत नाही, पण इथल्या वर्गात तो दिवसभराच्या वादाचा विषय असतो.

काही व्यवहारातल्या गोष्टी. समित्या आणि सभागृह दोन्ही बघायला फुकट आहेत. गुरुवारच्या प्रश्नांची तिकिटं लवकर संपतात, समितीत सहसा जागा असते. दारावर विमानतळासारखी तपासणी होते, मोठी बॅग नेऊ नका. संसदेच्या संशोधन शाखेला सगळे 'स्पाइस' म्हणतात. कुठल्याही विधेयकावर आधी त्यांची टिपणं वाचा, निबंधाचे दोन आठवडे वाचतात. आमदारांच्या लेखी प्रश्नांची उत्तरं साधारण दहा कामकाजी दिवसांत येतात आणि ती सगळ्यांना शोधता येतात. एखाद्या खात्यावर लिहिताना मी आधी तिथे डोकावते.

आणि मतदार म्हणून नाव नोंदवा. राष्ट्रकुलातले असल्याने भारतीय नागरिकांना, विद्यार्थी व्हिसावर असले तरी, इथे मत देता येतं. सोळा वर्षांपासून स्कॉटिश निवडणुकीत मतदान आहे, त्यामुळे तुमच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी रांगेत दिसली तर चकित होऊ नका. तुमच्या पत्त्याला एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे असे आठ आमदार लागतात. त्यांच्या कार्यालयात संशोधनाचं छोटं काम मिळतं का ते ईमेलने विचारा. त्यांच्याकडे माणसं नेहमीच कमी असतात. मात्र सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची व्हिसाची मर्यादा सांभाळा.

प्रबंधासाठी मुलाखती घ्यायच्या असतील तर मार्च-एप्रिलमध्येच वेळा ठरवून टाका. जूनअखेर संसदेला सुट्टी लागते ती ऑगस्ट संपेपर्यंत, म्हणजे नेमके तुमचे लिहायचे दोन महिने. त्या काळात आमदार मतदारसंघात, क्लार्क रजेवर, आणि एडिनबरातल्या खोल्यांची भाडी फेस्टिव्हलमुळे आकाशाला टेकलेली असतात.