कॅनडातला मुक्काम वाढवायचाय? व्हिसाची तारीख पाहू नका
बडोद्याहून व्हिजिटर व्हिसावर कॅनडात जोडीदाराकडे गेलात, की आधी पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का बघा. त्यावर मुदतीची तारीख नसेल, तर मुक्काम प्रवेशापासून ६ महिनेच, व्हिसा १० वर्षांचा असला तरी! गफलत होते ती इथेच. मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी ‘व्हिजिटर रेकॉर्ड’साठी (मुक्कामाची नवी मुदत लिहिलेला कागद) ऑनलाइन अर्ज करा, फी १०० कॅनेडियन डॉलर. जोडीदाराचं परमिट, पगाराच्या स्लिपा, विवाह प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्र फक्त गुजरातीत असेल, तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र बडोद्यातच करून न्या. पासपोर्टही तपासा, कारण तो संपतो त्यापुढे मुदत मिळत नाही. वेळेत अर्ज केला की निकालापर्यंत राहता येतं. नोकरी मात्र करायची नाही.