क्लबफूटचं बाळ घरी असेल तर: प्लास्टर, ब्रेस आणि घरातलं रोजचं सगळं

बाळ हातात आलं की आपण पहिल्यांदा बोटं मोजतो ना, तशी मी पण मोजली, दहाच्या दहा होती, पण उजवं पाऊल पूर्ण आत वळलेलं, तळवा वर बघतोय आणि टाच ओढून धरल्यासारखी वर. डॉक्टर म्हणाले क्लबफूट आहे, फाइलवर त्याचंच वैद्यकीय नाव सीटीईव्ही असं लिहिलं. मी ऐरोलीची, बाळंतपणाला माहेरी ठाण्यात होते, आणि त्या दिवशी मला कोणीतरी नीट सांगायला हवं होतं की घरी गेल्यावर नक्की काय काय करायचं असतं. आता मुलगा अडीच वर्षांचा आहे, पळतो, गॅलरीच्या ग्रिलवर चढतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरी आत्ता असं बाळ आलंय त्यांच्यासाठी.

आधी आईला सांगते, तुझं काहीही चुकलेलं नाही. मला घरच्यांनीच विचारलं, ग्रहणात भाजी चिरलीस का, सुई धरलीस का, पाय दुमडून बसायचीस का. यातलं काहीच कारण नाहीये. साधारण हजारात एका बाळाला हे असतं, मुलांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि निम्म्या बाळांना दोन्ही पायांना. कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, काही घरांमध्ये अनुवंशिक असतं एवढंच. ज्यांना ग्रहण वाटतंय त्यांच्याशी वाद घालत बसू नका, ती शक्ती पुढे लागणार आहे.

दुसरं म्हणजे सव्वा महिना. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही असं चाललं होतं, पण उपचार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाले तर सगळ्यात सोपं जातं कारण तेव्हा बाळाचे लिगामेंट एकदम मऊ असतात. उशीर झाला असेल तर हातपाय गाळू नका, मोठ्या मुलांचे पाय पण सरळ होतात, फक्त वेळ जास्त लागतो. मालिशवाल्या मावशी म्हणतील मी रोज चोळून सरळ करून देते. त्यांचं प्रेम खरं असतं पण खरा क्लबफूट मालिशने सरळ होत नाही, त्या नादात आठवडे जातात. बाकी अंगाला मालिश करू दे की.

उपचार म्हणजे पॉन्सेटी पद्धत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी होते, त्यांनी ही शोधली, ३ जूनला त्यांचा जन्मदिवस, त्या दिवशी जागतिक क्लबफूट दिन असतो. आधी सरळ मोठं ऑपरेशन करायचे आणि तसे पाय मोठेपणी आखडायचे, दुखायचे. म्हणून ओळखीतला कोणी काका म्हणाला की ऑपरेशन करून मोकळे व्हा तर ऐकू नका. पॉन्सेटीत डॉक्टर पाऊल हाताने हळूहळू फिरवतात, जेवढं आलं तेवढं धरून प्लास्टर घालतात, दर आठवड्याला नवीन, साधारण पाच ते सात प्लास्टरं, मग टाचेमागची नस (म्हणजे टाचेला जोडलेला स्नायूबंध, रक्ताची नस नाही) थोडी सोडवतात, मग ब्रेस, म्हणजे दांडीने जोडलेले बूट. डॉक्टर निवडताना एकच विचारा, तुम्ही पॉन्सेटी करता का आणि किती बाळांचं करता.

आणि प्लास्टर बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवलेला असं पाहिजे. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आम्ही आधी जवळच एका ठिकाणी गेलो तिथे गुडघ्याच्या खालीच प्लास्टर घातलं, आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता दूध पाजायला उठले, मोबाइलचा टॉर्च मारला तर बोटं दिसेचनात. पाच बोटांऐवजी नुसती अंगठ्याची नखाची कड. प्लास्टर खाली घसरलं होतं आणि पाऊल आत वर सरकलं होतं, बाळ रडून रडून निळसर. सकाळ होईपर्यंत मी ते पाऊल हातात धरून बसले होते. नंतर कळलं, बोटं आत गेली म्हणजे थांबायचंच नाही, लगेच फोन करायचा आणि रात्र असली तरी जाऊन प्लास्टर काढून घ्यायचं. घसरलेलं प्लास्टर पाय सरळ करत नाही, उलट बिघडवतं.

म्हणून प्रत्येक प्लास्टरनंतर पहिल्या दिवशी दर एक-दोन तासांनी आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोटं बघा. बोट हळूच दाबायचं, पांढरं होतं, सोडलं की दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. घरी आल्यावर बोटांचा फोटो काढून ठेवा, रात्री शंका आली की आधी किती दिसत होती ते ताडून बघता येतं. बोटं निळी, थंड, सुजलेली, प्लास्टरमधून घाण वास, ताप, किंवा पोट भरलेलं, लंगोट कोरडा तरी बाळ थांबतच नाही, यातलं एक जरी असेल तरी डॉक्टर. पहिल्या रात्री थोडी किरकिर असते, ती वेगळी, कडेवर घेतलं की शांत होते.

ओलं प्लास्टर वाळायला एक दिवस घ्या, फॅनखाली, पोटरीखाली मऊ घडी आणि टाच हवेत राहील अशी, कारण ओल्या प्लास्टरची टाच गादीवर दाबली गेली तर आत खड्डा पडतो आणि तिथे जखम होते. ड्रायरची गरम हवा मारू नका. आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, धुरी हे सगळं प्लास्टरपासून लांब.

आता शू-शी. हा रोजचा खरा प्रश्न आहे. नाडीची लंगोटी आजीला प्रिय असते पण ती ओली झाली की सगळं मांडीच्या कडेतून प्लास्टरमध्ये झिरपतं, त्यामुळे या दोन महिन्यांत डायपर वापरा, लहान साइजचा, प्लास्टरच्या कडेवर न चढवता मांडीत घट्ट बसेल असा, आणि दर दोन तासांनी बदला. कडेला शी लागलीच तर किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, पाणी ओतायचं नाही. अंघोळ नाही, कोमट पाण्यात पंचा पिळून अंग पुसायचं, मानेच्या आणि काखेच्या घड्या विसरू नका, ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत तिथे लगेच घामोळं येतं. पावडर आणि तेल प्लास्टरच्या आत टाकू नका. आत खाजतंय म्हणून सळई, पेन्सिल काही घालू नका. कपड्यांचं सोपं आहे, झबली वापरा, चड्ड्या विसरा.

बाळाला उचलताना एक हात ढुंगणाखाली आणि एक प्लास्टरखाली, नाहीतर सगळं वजन मांडीवर लटकतं. पाजताना मला बाळ बगलेत घेऊन, पाय मागच्या बाजूला आणि खाली उशी, असं सगळ्यात जमलं. बारसं आम्ही प्लास्टरमध्येच केलं, पाळण्यात प्लास्टरखाली दुपट्याची घडी ठेवली आणि काही अडलं नाही.

लसीकरणाचं कोणी आधी सांगत नाही. दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिन्यांच्या लसी मांडीत देतात आणि मांडी तर प्लास्टरमध्ये. एकाच पायाला असेल तर नर्सताईंना आधीच सांगा, दुसऱ्या मांडीत कसं द्यायचं ते त्या बघतात. दोन्ही पायांना असेल तर आधी लस देणाऱ्या आणि प्लास्टर घालणाऱ्या अशा दोन्ही डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा, प्लास्टर बदलायच्या दिवशी जमवता येतं. लस चुकवू नका.

प्लास्टर बदलायचा दिवस हा अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम असतो. आम्ही परळला जायचो, ऐरोलीहून ठाणे, ठाण्याला पूल चढून स्लो लोकल. ऑफिसच्या गर्दीत तान्हं बाळ आणि एवढा जड पाय घेऊन चढणं शक्य नाही, म्हणून एकतर पहाटेची गाडी नाहीतर साडेदहानंतरची, सोबत एक माणूस हवाच. परळचं वाडिया हे खास मुलांचंच हॉस्पिटल आहे. खर्चाची काळजी असेल तर सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे, त्यातले उपचार मोफत असतात, आशाताईंना किंवा सिव्हिलला जाऊन विचारा. बाळाला प्लास्टर घालायच्या वेळी भूक लागलेली असेल असं टायमिंग ठेवा, प्लास्टर घालताना तोंडात दूध असलं की पाय सैल सोडतं आणि डॉक्टरांना नीट फिरवता येतं. जुनं प्लास्टर घरी आदल्या दिवशी काढू नका, आठवड्याची कमाई रात्रीत मागे जाते. घरून भिजवून या म्हणाले तर निघण्याआधीच भिजवा. जुनं निघालं आणि नवीन घालायला वेळ असला की तेवढ्यात पाय कोमट पाण्याने धुऊन घ्या. त्या पाच मिनिटांत माझं पिल्लू दोन्ही पाय असे झाडायचं की बघत राहावं.

मग टाचेची नस. दहातल्या आठ-नऊ बाळांना ती सोडवावी लागते. ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता पण जागा बधिर करून बारीकसा छेद देतात, काही मिनिटांत होतं, मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, तेवढ्यात नस लांब होऊन परत जुळते. प्लास्टरवर टाचेपाशी रक्ताचा छोटा डाग दिसला तर घाबरू नका, पण पेनाने त्याच्या कडेने गोल काढा आणि डाग त्याच्या बाहेर पसरला तर फोन करा.

इथे सगळ्यांना वाटतं संपलं. पाय एकदम सुंदर सरळ दिसतो, नातेवाईक अभिनंदन करतात. पण खरं काम इथून सुरू होतं, आणि घरच्यांना हे पटवणं हे प्लास्टरपेक्षा कठीण. ब्रेस म्हणजे दोन बूट आणि मध्ये खांद्याएवढी रुंद दांडी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. एकाच पायाला असलं तरी बूट दोन्ही पायांत, खराब पाय ६०-७० अंश बाहेर वळवलेला आणि चांगला ३०-४०. सासूबाई म्हणाल्या चांगल्या पायाला कशाला शिक्षा, पण दांडीशिवाय तो कोन टिकतच नाही.

घालायची पद्धत अशी. आधी सुती मोजे, शिवण बोटांवर येणार नाही असे, लांब. जास्त त्रासाचा पाय आधी. गुडघा वाकवून पाऊल बुटात सरकवायचं, टाच तळाला टेकली की आधी मधला पट्टा घट्ट, मग बाकीचे. टाच बसली का बघायला पाय हळूच मागे-पुढे ओढा, बोटं सरकली म्हणजे टाच वर आहे, परत घाला. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी काढल्यावर पाऊल बघा. फिकट लाल खुणा थोड्या वेळात जातात, पण गडद लाल राहिलं किंवा फोड आला तर बहुतेक बूट सैल आहे आणि टाच घासतेय. त्यावर क्रीम लावू नका, कातडी अजून मऊ होते, डॉक्टरांना दाखवा. दांडीला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा, नाहीतर पाळण्याचं आणि तुमच्या बरगड्यांचं कल्याण होतं.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ भयंकर रडतं. दुखत नाही, पाय वेगवेगळे हलत नाहीत म्हणून चिडतं. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, सरळ करा, गाणं म्हणत म्हणत, दिवसातून खूप वेळा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते स्वतःच दोन्ही पाय एकदम मारायला शिकतं. रडतंय म्हणून काढलंत तर रडलं की निघतं हे ते शिकतं. आमचे २३ तास नेमके एप्रिल-मे मध्ये आले, मोजे घामाने ओले, मी दिवसात तीन जोड्या बदलायचे. उरलेला एक तास अंघोळीचा, आजीने आणलेले चांदीचे वाळे आम्ही तेवढ्या तासात घालायचो, आणि बूट चढवायच्या आधी काढून कपाटात.

आमची चूक पण सांगते. आठ महिन्यांचा असताना गणपतीला कोकणात गेलो, घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे म्हणाले सणाचं लेकराला कशाला बांधून ठेवता, चार दिवस राहू दे. चाराचे बारा झाले. परत आल्यावर टाच बुटात बसेचना, मी पट्टा ओढतेय आणि तो किंचाळतोय. पुन्हा तीन प्लास्टरं, पुन्हा पहिल्यापासून २३ तास. पाय परत वळायचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस न घालणं हेच आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि मला ते पाठ होतं, पण मी चारचौघांत बोलले नाही. आता गावी जाताना पिशवीत पहिला ब्रेस जातो आणि नवरा पोचल्या पोचल्या सगळ्यांना सांगून टाकतो. हे बाबांनी बोललेलं बरं, आईवरच सगळं ढकललं जातं.

चालण्याची घाई करू नका, थोडं एक-दोन महिने उशिरा होऊ शकतं. क्लबफूटचं पाऊल जरा लहान आणि पोटरी बारीक राहते, त्याने खेळायला अडत नाही. टाच बुटात बसेनाशी झाली, पाऊल आत वळायला लागलं, किंवा मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. बोटं बुटाच्या कडेबाहेर जाऊन खाली वळायला लागली की साइज बदलायची वेळ, नवीन बूट यायला दिवस लागतात म्हणून आधीच ऑर्डर द्या, आणि त्याच वेळी खांद्याची रुंदी परत मोजून दांडी तेवढी करून घ्या, ती मुलाबरोबर वाढवावी लागते.